आडव्या माणसाची चुंबळ

उदगीरला, दूध डेअरीच्या भिंतीला लागून
माझं सीट कव्हरचं दुकान.
मोटारसायकली, टमटम, एकदा तर
वरातीच्या घोड्याचं खोगीरसुद्धा शिवलंय.
माणूस बसतो तिथलं सगळं मला कळतं.
आडवा होतो तिथलं
कधी कुणी विचारलं नव्हतं.

नळदुर्गच्या अलीकडं नवीन रिसॉर्ट झालं,
त्यांच्या बारा खुर्च्या. खुर्च्या कसल्या,
पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाजाच,
निळ्या हौदाच्या काठाला
उन्हाकडं तोंड करून मांडलेल्या.
मी म्हणलं, उन्हात? मुद्दाम?
मॅनेजर रोडगे म्हणाले, ताई, लोक त्याचेच पैसे देतात.
एप्रिल होता. आमच्या गल्लीतलं कुत्रं
रांजणाखालची ओल सोडत नव्हतं.

माप घ्यायचं म्हणून झोपून बघितलं.
टेपला लांबी कळते, मान कळत नाही.
तिसऱ्या न् चौथ्या पट्टीच्या फटीत
अंबाडा अडकला,
मान अधांतरी,
आडात वाकून बघावं तशी, पण उलटी.
इतके पैसे भरून माणसं
अशी लोंबकळत सुट्टी काढतात?
तरी दोन मिनिटं पडले.
दुपारी दोनचं आभाळ
मी बेचाळीस वर्षांत बघितलं नव्हतं.

कव्हरं दिली. पण ती मान काही डोक्यातनं जाईना.

पहिली उशी फोमची.
पोरं हौदातनं निथळत आली, उशी पाणी प्याली,
तिसऱ्या दिवशी ओल्या घोंगडीचा वास.
दुसरी थर्माकोलच्या दाण्यांची.
शिवण उसवली, वारं सुटलं,
नळदुर्गला बर्फ पडला.
रोडगे दोन दिवस फोन उचलत नव्हते.
तिसरीत मोहरी भरली,
तान्ह्या लेकराच्या डोक्याला आकार यावा
म्हणून भरतात तशी.
सोलापूरची एक बाई त्यावर तासभर झोपली
न् उठून म्हणाली, छान आहे हो,
पण एवढं जड पिशवीत घालून
मी गोव्याला कशी नेऊ?

पिशवीत घालून.
आराम सोबत न्यायचा असतो
हे माझ्या गावीच नव्हतं.

त्या रात्री लाईट गेली होती.
हात रिकामा राहिला की चिंधी गुंडाळतो,
ही जुनी खोड.
लाईट आली तेव्हा मांडीवर
चुंबळ तयार होती.

मग काय. आत बाजेची नायलॉनची नवार,
वळून वळून, म्हणजे पाणी पीत नाही.
वरून धुवट सुती लुगडं,
खालून छत्रीचं कापड, त्याला बारीक डोळे पाडले.
मागं परकराचं इलॅस्टिक, बाजेला अडकवायला.
चालताना मनगटात घालायची, बांगडीसारखी.
रोडगे म्हणाले, नाव काय ठेवायचं?
नेक काहीतरी म्हणाले.
मी म्हणलं, नाव आहे तिला.

आई आली होती तेव्हा. सोजरबाई, वय पंच्याहत्तर,
देवर्जनच्या माळावरनं दोन कोस पाणी वाहिलेली.
तिच्या हातात दिली, म्हणलं, आडवी हो, बघ.
तिनं ती सरळ डोक्यावर ठेवली.
मान ताठ झाली. उजवा हात आपसूक वर गेला
नसलेल्या घागरीच्या काठाला.
तशीच चार पावलं चालली दुकानात,
मशीनीला वळसा घालून.

आई, ती झोपायची हाय.
झोपायला चुंबळ? कामून गं?
हसता हसता तिला ठसका लागला.

मग उतरवली. भोकात मूठ घालून बघितली,
दाबली, फिरवली,
आयुष्यात अशा खुर्चीवर न झोपलेली बाई म्हणाली,
भोक मोठं झालंय. डोकं आत घरंगळंल,
कड मानेला लागायची नाही.
दोन बोटं कमी कर.

कुणाची बोटं, मी विचारलं.
तिनं पुठ्ठ्यावर आपली ठेवली,
सांध्यात वाकलेली, एक जरा आखूड.
मी पेन्सिल फिरवली भोवतीनं.

तो पुठ्ठा खिळ्याला टांगलाय.
आता पावणेतीनशे झाल्या,
सगळ्या त्याच मापाच्या.